बिनफडक्याचा टोप

हमामात्सु, जपान
१२ जानेवारी २०२५

सगुणाआत्या, इथूनच पाया पडते.

पाकीट पाहून घाबरू नकोस. प्रणित आणि मी दोघं धडधाकट आहोत. फोन सोडून कागद का, तर आईला फोन लावला की ती स्पीकर चालू करून ओट्यावर ठेवते, आणि शेजारच्या चौघीजणी मला "जेवलीस काय गो?" विचारतात. तुझा फोन दिपिकावहिनी आधी उचलते. मला एकट्या तुझ्याशीच बोलायचंय.

माझ्या पोटरीवरचा तो फिकट डाग तुला माहीत आहे. बाबांना भाकरी द्यायला मिठागरावर जायचे तेव्हापासूनचा. आपल्याकडे सगळ्यांचं एकच, मिठानं खाल्लं. मीही तेच धरून चालले. गेल्या महिन्यात थंडीत हीटरजवळ पाय घेऊन बसले होते आणि त्याच जागी भाजलं. मला कळलंच नाही गं. मोठा फोड आला, तो प्रणितने दाखवला.

आमच्या गल्लीच्या टोकाला कातडीच्या डॉक्टरांचा छोटा दवाखाना आहे. प्रणितची शिफ्ट, म्हणून एकटीच गेले. दारात चपला काढून त्यांच्या सपाता घालायच्या. आत एवढी शांतता की माझं पोट गुरगुरलेलंही सगळ्यांनी ऐकलं असेल. डॉक्टरीणबाई आईपेक्षा मोठ्या, चष्म्याला दोरी. त्यांना इंग्रजी येईना, मला जपानी येईना. फोनमध्ये मराठीत बोलले, "मिठानं खाल्लंय," आणि फोनने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्या मला समजावू लागल्या की मीठ कमी खावं. मग मी कागदावर मिठाचे वाफे काढले, फावडं काढलं, उघडे पाय काढले. तेव्हा त्यांनी मान डोलावली.

त्यांनी मला डोळे मिटायला लावले. कापसाने हळूच शिवायच्या आणि मी बोटाने जागा दाखवायची. दंड, घोटा, गुडघा, सगळं मला बरोबर कळत होतं. मग त्या थांबल्या असं वाटलं. मी वाट पाहिली, कंटाळून डोळे उघडले, तर कापूस माझ्या पोटरीवरच फिरत होता.

आत्या, त्या क्षणी मला भाषा लागली नाही.

नंतर त्यांनी माझं कोपर चाचपलं. आतली शीर जाड झालीय का ते बघत होत्या. मोठ्या इस्पितळात पाठवून कातडीचा तुकडा तपासला. परवा निकाल आला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, त्यावर मराठीत लिहिलं होतं, कुष्ठरोग. आपण ज्याला महारोग म्हणतो तो. मी हात मागे घेतला, तर त्यांनी तो उघड्या हाताने धरला आणि सोडला नाही. सुरुवातीचा आहे, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, असं त्यांनी फोनवर मला तीनदा वाचायला लावलं.

मग विचारलं, घरात आणखी कोणाला?

लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून मी त्यांच्या कोपरातली जाड दोरी बोटाने खेळवायची. सगळ्यांच्या बाबांना अशी दोरी असते असं मला वाटायचं. आणि बाबा चुलीवरचा टोप फडक्याशिवाय उतरवतात म्हणून गावभर केवढं कौतुक! काळुरामाचा हात लोखंडाचा. आत्या, तो हात लोखंडाचा नाही. त्याला काही कळत नाहीये.

तू त्यांची थोरली बहीण, तुझंच ते ऐकतात. त्यांना पेणच्या सरकारी दवाखान्यात ने. औषध फुकट मिळतं. उशीर केला तर बोटं वाकतात आणि मग सरळ होत नाहीत. सोबत माझ्या पत्त्याच्या चिठ्ठ्या ठेवल्यात, त्या पाकिटावर नुसत्या चिकटव.

तुझी भाविका

*

रोहा
१ फेब्रुवारी २०२५

भाविका गो,

तुझं पत्र मी देवळामागे नदीवर बसून वाचलं आणि वाचून पहिल्यांदा तुला चार शिव्या दिल्या. त्या लिहीत नाही, पोस्टातला माणूस आधीच माझ्याकडे संशयाने बघतो.

तुझ्या त्या बाईला मिठागर काय माहीत? चित्र काढून मिठागर कळत असतं तर आम्ही शाळेतच शिकलो असतो. खाऱ्या पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसाचे हातपाय बधिर होतातच. आमच्या बापाचे होते, चुलत्याचे होते. त्यांना कोणी रोगी म्हटलं नाही. तुझ्या बापाचा हात दणकट आहे एवढंच.

आता नीट ऐक. तुझ्या धाकट्या बहिणीचं, किमयाचं लग्न ठरलंय चार मेला. निडी गावातलं घर मी स्वतः शोधलं. नवरा मुलगा निलेश चांगल्या कंपनीत कायम आहे, व्याही हिराजीभाऊ सरळ माणूस. साखरपुड्याला काळूने पहिला टोप उतरवला तेव्हा हिराजीभाऊ बघतच राहिले. म्हणाले, "असा व्याही नाय पाह्यला." लग्नातही पहिला टोप त्यानेच उतरवायचा असं तिथेच ठरलं. आपल्या गावात पहिला टोप खाली आल्याशिवाय धवलारीण लग्नाची गाणी सुरू करत नाही आणि गेली कित्येक वर्षं तो मान काळूचा आहे. अशात मी त्याला त्या दवाखान्याच्या ओळीत उभं करू? पेणमध्ये आपल्या ओळखीचं कुत्रं नाही असा एक बोळ दाखव.

तुला माहीत नाही, मी पाहिलंय. मी लहान असताना आपल्या गावची एक बाई खाडीकडच्या झोपडीत ठेवली होती. तिची भाकरी बांधावर ठेवायची आणि मागे न बघता पळत यायचं. ती हाक मारायची, "सगुणे, वाईच थांब गो." मी कधी थांबले नाही, कोणीच थांबत नसे. तसं काळूचं झालेलं मला बघवणार नाही. म्हणून भीती वाटते, उगाच नाही.

लग्न होऊ दे. मग नेते. आणि बाई, लिहिताना हात जड होतोय, पण तू लग्नाला येऊ नको. हळदीला बसशील, साडी वर होईल, कोणाची नजर पोटरीवर जाईल. तिकीट महाग आहे म्हणून सांग.

औषध मात्र वेळेवर घे.

तुझी आत्या

*

हमामात्सु
१६ फेब्रुवारी २०२५

आत्या,

"येऊ नको" हे वाक्य मी परत परत वाचलं. त्या बाईची भाकरी जशी बांधावर ठेवायचीस तसंच हे वाटलं मला. रागावलेय, आणि ते लपवत नाही.

प्रणितला सगळं सांगितलं. त्याने उठून भात लावला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून स्वतःला तपासून आला. त्याला काही नाही. तेव्हापासून रोज रात्री माझ्या गोळ्या तोच समोर ठेवतो. औषध सुरू झाल्यावर माझ्यापासून कोणाला लागण होत नाही. माझी साडी वर झाली तरी कोणाचं काही बिघडणार नाही.

परवा दवाखान्यात बाईंना तुझ्या त्या झोपडीतल्या बाईचं सांगितलं. फोनने या वेळी बरं काम केलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला. मग म्हणाल्या, इथेही असंच होतं. माणसांना घरातून उचलून न्यायचे, नाव बदलायला लावायचे. औषध आल्यानंतरही कित्येक वर्षं घरी सोडलं नाही. त्यांनी तरुणपणी तिथे काम केलंय. त्यांनी स्वतःची करंगळी आणि शेजारचं बोट वाकवून मला दाखवलं, आणि मग घड्याळाकडे बोट केलं. एवढंच. मला समजलं.

तू माझ्यावर विश्वास ठेवू नको. देवाच्या वातीतला थोडा कापूस घे. बाबांना डोळे मिटायला सांग, लहानपणचा खेळ म्हण हवं तर. हातावर फिरव आणि कुठे शिवलं ते विचार. आणि त्यांची करंगळी बघ.

भाविका

*

रोहा
८ मार्च २०२५

चि. भाविकास आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे काळूला दवाखान्यात दाखवले. डॉक्टर म्हणाले की काळजीचे कारण नाही, मिठामुळे असे होते. मलम दिले आहे. लग्नाची तयारी चालू आहे. सर्व कुशल. प्रकृतीस जप.

सगुणा

*

हमामात्सु
२३ मार्च २०२५

आत्या,

तुझं पत्र एवढं शुद्ध कधीपासून झालं? एक शिवी नाही, पोस्टातल्या माणसाची तक्रार नाही. कोण डॉक्टर, कुठला दवाखाना, बाबा ओळीत उभे राहून काय पुटपुटले, काही नाही. माझ्या आत्याने बाबांना दवाखान्यात नेलं असतं तर त्याचं चार पानी रामायण आलं असतं.

तू नेलं नाहीस. पण कापूस फिरवलास. तो फिरवला नसतास तर खोटं लिहायची वेळच आली नसती.

मी आता भांडत नाही. मला फक्त भीती वाटते. लहानपणी बाबा माझी वेणी घालायचे, आईपेक्षा घट्ट. ती बोटं मला परत हवीत, निदान आहेत तेवढी तरी. तू एप्रिलच्या मध्यापर्यंत कळवलं नाहीस तर मी आईला फोन लावेन आणि स्पीकरवर, चौघीजणींसमोर, सगळं सांगेन. किमयाचं लग्न मोडलं तर तिची माफी मी मागेन. हे धमकी म्हणूनच लिहितेय.

भाविका

*

रोहा
१० एप्रिल २०२५

भाविका गो, कार्टे,

धमकी देतेस ती कोणाला? तुझ्या बापाला मी कडेवर घेऊन वाढवलंय.

पण तू ओळखलंस ते खरं. कापूस फिरवला होता. होळीच्या आधी गावी गेले तेव्हा अंगणात तो मजेत डोळे मिटून बसला. मी मनगटापासून करंगळीपर्यंत कापूस फिरवला, मग नखाने ओढलं, मग चिमटा काढला. तो म्हणाला, "अगो सुरू कर की, किती येळ डोलं मिटून बसू?" मी आत जाऊन चुलीपुढे रडले. परत येऊन तुला ते पत्र लिहिलं. लग्न पार पडेपर्यंत तू तरी शांत राहावीस म्हणून.

तुझी धमकी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिठागरावर गेले. तो राशीवर मीठ ओढत होता. बांधावर बसवून सगळं सांगितलं, तुझ्या पोटरीसकट. मला वाटलं, भडकेल. पण तो म्हणाला, "माझी चप्पल पायातून निसटते आनि मना कलत नाय. सदऱ्याचं बटान अनिता लावते. मना म्हाईत हाय ताई, कायतरी झालंय. लगीन होऊ दे म्हनलं."

म्हणजे तो माझ्यापासून लपवत होता, मी तुझ्यापासून, आणि तुझी आई अनिता बटणं लावून साऱ्या गावापासून. शहाणी माणसं आहोत सगळी.

मी म्हटलं, "मी पण लगीन होऊ दे म्हनलं व्हतं रे. पण पोरगी तिकडं परमुलखात, भाषा येत नाय तरी एकटी दवाखान्यात गेली. आपल्याला पेणला मराठी बोलायचंय." त्यावर तो उठला. "पोटरीला तिच्या दुखतंय काय?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं, तर म्हणाला, "दुखत नाय तेच वंगाळ." आणि फावडं बांधावर ठेवून माझ्याबरोबर चालू लागला.

पेणला डॉक्टरीण तुझ्या वयाची. तिनेही डोळे मिटायला लावले, तीच तुझी कोपरातली दोरी चाचपली. दोन बोटं वाकू लागलीत. जे गेलंय ते परत येईल असं ती सांगत नाही, पण पुढचं थांबेल म्हणते. वर्षभर गोळ्या. अंग काळवंडेल म्हणाली, तेव्हा तुझा बाप म्हणतो, "मिठागरावरचा माणूस मी, अजून काय काला व्हनार?" ती पोरगी हसली. घरातल्या सगळ्यांना तपासलं, किमयालासुद्धा. कोणाला काही नाही, एकेक गोळी खबरदारीची दिली. किमयाला कशासाठी ते सांगितलंय. रडली, मग म्हणाली, "निलेशला सांगू?" मी गप्प केलं.

आता एकच अडचण उरलीय. हात भाजला तर जखम चिघळते, म्हणून गरम काही धरायचं नाही असं डॉक्टरणीने बजावलंय. आणि चार मेला सगळा मांडव काळूचा टोप बघायला उभा राहणार. मी ठरवलंय, हाताला पट्टी बांधायची आणि मुरगळला म्हणायचं. देव मला माफ करील, तूही कर.

मागे "येऊ नको" लिहिलं त्याचं मला वाईट वाटतंय. पण अजून ये असं लिहायचं धैर्य नाही.

आत्या

*

हमामात्सु
२२ एप्रिल २०२५

आत्या,

पत्र वाचून दवाखान्यात गेले. आज माझी वेळ नव्हती, तरी गेले. बाईंना फोनमधून एवढंच सांगितलं की बाबांनी औषध सुरू केलं. त्या उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या, मला नाही, बाबांना. मीही वाकले. मग दोघी पुन्हा बसलो.

पट्टी बांध, मुरगळला म्हण, काहीही कर. बाबांचा हात त्या टोपाला लागू देऊ नकोस. मी लग्नाला येत नाही. रागाने नाही. किमयाला माझी मोरपिशी साडी दे, कपाटात वरच्या खणात आहे.

भाविका

*

रोहा
७ मे २०२५

माझ्या सोन्या,

लग्न झालं. आधी हे लिहिते, म्हणजे तू श्वास घेशील. आता बाकीचं ऐक.

सकाळी काळूच्या हाताला मी स्वतः पट्टी बांधली. निडीहून वऱ्हाड आलं, चहा झाला. मुहूर्ताला अवकाश होता. पहिला टोप शिजला आणि आचाऱ्याने हाक दिली, "काळूदादा, या!" पोरांनी फोन वर धरले, धवलारीण तोंडात पान भरून तयार. मी पुढे होऊन म्हटलं, "औंदा नाय जमायचं, त्याचा हात मुरगळलाय." लोक हळहळले. हिराजीभाऊ म्हणाले, "अरे अरे, कवा? कसा काय?" आणि मी पुढचं खोटं बोलणार, तेवढ्यात काळू म्हणाला, "ताई, बस झाला."

त्याने सगळ्यांसमोर पट्टी सोडली. दाताने गाठ ओढून, कारण बोटांना ती सुटत नव्हती. हात वर करून दाखवला, ती दोन वाकलेली बोटं. म्हणाला, "हात मुरगलला नाय. बधिर झालाय. मना कुष्ठरोग हाय, औषध चालू हाय, डाक्टर म्हनतात आता माझ्याकडून कुनाला व्हायचा नाय. हा टोप मी उतरवायचो त्यात काय मोठेपना नव्हता, मना चटकाच कलत नव्हता. पोरगी तुमच्या घरात देतोय. खोटं बोलून देनार नाय."

भाविका, मला वाटलं भुईत शिरावं. लग्न मी जमवलेलं. निलेशची मावशी उठली, पदर नाकाला लावून मांडवाबाहेर गेली. तिच्यामागे आणखी काही माणसं गेली. आपल्याच भावकीतलेही त्यात होते, नावं लिहीत नाही, तुला कळतीलच. अनिता खांबाला धरून उभी.

हिराजीभाऊ पुढे आले. विचारलं, "किमयाला तपासली काय?" मी म्हटलं, "तपासलीय, काय नाय तिला. कागद दाखवू?" ते निलेशकडे वळले. निलेश म्हणाला, "बाबा, तिनं मना कवाच सांगितलंय." म्हणजे मी गप्प केलेली पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

हिराजीभाऊ म्हणाले, "कागद राहू द्या." खांद्यावरचा नवा टॉवेल काढला, मधोमध फाडला, अर्धा काळूच्या हातावर गुंडाळला, अर्धा स्वतःच्या. म्हणाले, "तिकडची कडी धरा, व्याही." दोघांनी मिळून टोप उतरवला. तुझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा फडक्याने टोप धरला आणि त्याचे डोळे भरून वाहत होते. मला वाटतं, आजवर चुलीच्या धुरानेही ते कधी तसे वाहिले नव्हते. धवलारणीने पान थुंकलं आणि गाणं उचललं.

पंगतीत पुष्कळ पानं रिकामी राहिली, भात उरला. ते मी लपवत नाही, आता लपवायचं सोडलंय. पण जे बसले ते काळूच्या हातून वाढून घेऊन जेवले. किमयाच्या अंगावर तुझी मोरपिशी साडी होती.

काल निघताना काळू एसटीपर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, भाविकेला पत्र लिहिणार आहे, काय सांगू? बराच वेळ चप्पल पायात आहे का ते बघत चालत राहिला. मग म्हणाला, "तिला लिव, बापानं फडका घेतला. आनि गनपतीला ये म्हनावं. वेनी मना आता घालता यायची नाय, तिनं माझं बटान लावावं."

ये गो. साडी वर झाली तर होऊ दे.

तुझी आत्या